पदवी वाचावी कशी?



एका शिक्षकाच्या स्मृतीसाठी चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान आपण मला दिलात, मी आपला ऋणी आहे. शिक्षकाचं स्मरण करायचं तर शिक्षणावरच बोलावं, असं मला वाटलं. पण शिक्षणाचा महिमा मी गाणार नाही. तो आपल्या घराघरांत रोज सांगितला जातो. मी एक व्यवहारातला, आणि म्हणूनच फार दुर्लक्षित राहिलेला विषय घेतला आहे. शिक्षणाच्या पायऱ्या किती? प्रकार किती? आणि हातात पडलेला प्रमाणपत्राचा कागद वाचायचा कसा?

आपल्याकडे कुणी सांगतं, “मुलगा डिप्लोमा करतोय.” आपण मान डोलावतो. पण कुठला डिप्लोमा? दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षं करतात तो? बारावीनंतरचा? की पदवीनंतरचा? नाव एकच, पण तिन्हींच्या पातळ्या वेगळ्या, पुढचे रस्ते वेगळे. चार-पाच लाख रुपये फी भरल्यावर हा फरक कळून काय उपयोग? तो प्रवेशअर्ज भरण्याआधी कळायला हवा.

आणि हा विषय दिल्लीत बोलायचा नाही, तर कुठे बोलायचा? देशातल्या पदव्यांचे नियम इथे ठरतात. बहादूरशाह जफर मार्गावर विद्यापीठ अनुदान आयोग आहे. वसंत कुंजमध्ये तंत्रशिक्षण परिषद, द्वारकेला सीबीएसई, अरविंद मार्गावर एनसीईआरटी, मैदानगढीला इग्नू, आणि नोएडाच्या सेक्टर ६२मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्था. आपण रोज ज्यांच्या दारावरून जातो, त्या इमारतींमध्ये आपल्या मुलांच्या आयुष्याची व्यवस्था लिहिली जाते. ती वाचता येणं हे आपलं कर्तव्य आहे.

कोणतंही प्रमाणपत्र हातात आलं की तीन प्रश्न विचारावेत, असं माझं सांगणं आहे. याची पायरी कोणती? याचा प्रकार कोणता? आणि हे देण्याचा अधिकार कुणाचा? त्यानंतर एक चौथा प्रश्न आहे, तो आपण व्यवस्थेला विचारायचा आहे. त्याकडे मी शेवटी येईन.

पहिला प्रश्न पायरीचा.

दहावी, बारावी, पदवी हे शब्द आपण इतके सहज वापरतो की या पायऱ्या अनादिकाळापासून अशाच आहेत असं वाटावं. या सभागृहात महाराष्ट्रातून अकरावीची मॅट्रिक झालेले ज्येष्ठ असतील, त्यांना विचारा. महाराष्ट्रात दहावीची पहिली एस.एस.सी. १९७५ साली झाली. दिल्लीची कथा आणखी वेगळी. सर मॉरिस ग्वायर कुलगुरू असताना, १९४३ साली, दिल्ली विद्यापीठानं इंटरमीजिएटची पायरीच काढून टाकली आणि तीन वर्षांची पदवी सुरू केली. मुंबईकडे तेव्हा इंटर होती, पुण्याकडे इंटर होती, दिल्लीत नव्हती. एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात बदली झालेल्या कारकुनाच्या मुलानं काय करायचं? त्याची यत्ता कोणती समजायची?

हा गोंधळ निस्तरण्याचं काम १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगानं केलं. डॉ. दौलतसिंह कोठारी अध्यक्ष होते, आणि सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीला १९०७ साली जन्मलेले. शिक्षण मंत्रालयाचे सल्लागार म्हणून दिल्लीत वर्षानुवर्षं काम केलेल्या या माणसानं नाममात्र एक रुपया वेतन घेतलं. १९६८च्या शिक्षण धोरणानं दहा अधिक दोन अधिक तीन हा देशभरचा साचा स्वीकारला, आणि सत्तरच्या दशकात राज्याराज्यांत तो रुजू लागला. आज पुण्याची मुलगी दिल्लीच्या महाविद्यालयात आली तर तिची बारावी कोणाला समजावून सांगावी लागत नाही. त्यामागे आपल्या मातीतल्या एका माणसाची मेहनत आहे, हे दिल्लीच्या मराठी माणसानं विसरू नये.

आता हा साचा पुन्हा बदलतो आहे. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं शाळेची मांडणी पाच, तीन, तीन, चार अशी केली आणि तीन वर्षांच्या बालकापासूनचं शिक्षण हिशेबात धरलं. २०२३ साली राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आला. त्यात प्रत्येक टप्प्याला क्रमांक आहे. पाचवी म्हणजे पातळी एक, आठवी म्हणजे दोन, दहावी तीन, बारावी चार. पदवीचं पहिलं वर्ष साडेचार, दुसरं पाच, तिसरं साडेपाच, चौथं सहा. पीएच.डी. म्हणजे आठ, सर्वांत वरची पातळी. तीस तासांच्या अभ्यासाला एक श्रेयांक, वर्षाच्या बाराशे तासांना चाळीस. युनेस्कोचंही असंच एक आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आहे, शून्यापासून आठपर्यंतचं. परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलाचं शिक्षण तिथे अशा कुठल्यातरी मापानं मोजलं जातं.

एवढे आकडे कशासाठी सांगतो? कारण नुसती वर्षं मोजून पायरी कळत नाही. याच शहराचं उदाहरण पाहा. दिल्ली विद्यापीठानं २०१३ साली चार वर्षांची पदवी आणली. २०१४ साली ती मागे घेतली. २०२२ साली नव्या धोरणाखाली चार वर्षांचा अभ्यासक्रम पुन्हा आला. २०१३च्या तुकडीतल्या बहुतेक मुलांनी प्रवेश चार वर्षांच्या पदवीला घेतला आणि बाहेर पडली ती तीन वर्षांची पदवी घेऊन. धोरणं बदलतात, वर्षं कमी-जास्त होतात. म्हणून पालकांनी विचारायचं ते हे: या कागदावर पुढची कोणती पायरी चढता येईल? तीन वर्षांनी बाहेर पडलं तर काय, चौथं वर्ष केलं तर काय? संशोधनाकडे जायचं असेल तर यांतलं कोणतं उपयोगी? एम.फिल. ही पायरी तर आता बंदच झाली आहे. जुन्या माहितीवर मुलांना सल्ला देणं धोक्याचं आहे.

दुसरा प्रश्न प्रकाराचा. इथे मला अलीपूर रोडवरच्या २६ क्रमांकाच्या घराची आठवण करून द्यायची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं महापरिनिर्वाण त्या घरात झालं. बाबासाहेबांच्या नावापुढची पदव्यांची रांग आपण अभिमानानं म्हणतो. पण कधी एकेक पदवी सुटी करून वाचली आहे का? वाचून पाहा, शिक्षणाचे वेगवेगळे प्रकार तिथे सापडतील.

मुंबई विद्यापीठाची बी.ए., १९१२. ही पहिली पदवी. कोलंबिया विद्यापीठाची एम.ए., १९१५. ही पदव्युत्तर. मग लंडनची एम.एस्सी., १९२१. म्हणजे एम.ए. झालेल्या माणसानं पुन्हा त्याच पातळीची दुसरी पदवी घेतली. पायरी तीच, अभ्यास आणखी खोल. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला लंडनची डी.एस्सी. मिळाली. कोलंबियाच्या पीएच.डी.चं संशोधन त्याआधीच झालेलं होतं, पण ती पदवी १९२७ साली, प्रबंध छापून दाखल झाल्यावर हातात आली. ज्ञान आधी मिळालं, कागद मागून आला.

आता बॅरिस्टर. ही विद्यापीठाची पदवी नाही. ग्रेज इननं दिलेली ती व्यवसायाची सनद आहे. न्यायालयात उभं राहून वकिली करण्याचा हक्क तिच्यातून मिळतो. आणि १९५२ची कोलंबियाची एलएल.डी., १९५३ची उस्मानिया विद्यापीठाची डी.लिट.? या सन्मानाच्या पदव्या. त्या परीक्षेनं मिळत नाहीत, आयुष्यभराच्या कर्तृत्वाला त्या अर्पण केलेल्या असतात. एका नावापुढे तीन प्रकार उभे आहेत: अभ्यासानं कमावलेली पदवी, व्यवसायाची सनद आणि सन्मानाची पदवी. या तिन्हींचा मान मोठा आहे, पण कामं वेगळी आहेत. सन्मानाची पदवी दाखवून प्राध्यापकाची नेमणूक मिळत नाही, आणि कायद्याची पदवी मिळाली तरी सनदेशिवाय वकिली करता येत नाही.

आजही असंच आहे. सनदी लेखापाल ही विद्यापीठाची पदवी नाही. १९४९च्या स्वतंत्र कायद्यानं स्थापन झालेली संस्था ती देते. २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं नेट परीक्षेपुरती तिला पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीचं मानलं. वैद्यकातलं डी.एन.बी. हे नाव डिप्लोम्यासारखं वाटतं, पण ते एम.डी.-एम.एस.च्या तोडीचं उच्च शिक्षण आहे. अमेरिकेत एम.डी. ही डॉक्टरकीची पहिली पदवी, आपल्याकडे ती एम.बी.बी.एस.नंतरची. नावावरून पातळी ठरवायला जाल, तर फसाल.

प्रकारांमधला एक प्रकार मात्र आपण मनातून वगळून टाकला आहे, आणि तो म्हणजे हाताच्या कौशल्याचं शिक्षण. कोठारी आयोगानं म्हटलं होतं की १९८६पर्यंत दहावीनंतरच्या विद्यार्थ्यांपैकी निम्मे व्यावसायिक शिक्षणात यावेत. आले का? २०२०च्या धोरणातच कबुली आहे: १९ ते २४ वयाच्या कामगारांपैकी औपचारिक व्यावसायिक शिक्षण घेतलेले भारतात ५ टक्क्यांहूनही कमी. जर्मनीत ७५ टक्के, दक्षिण कोरियात ९६ टक्के. असं का झालं? मुलाला आयटीआयला घातलं असं सांगताना आपला आवाज खाली जातो, म्हणून झालं. आयटीआय ही शिक्षणाची वाट आहे, शिक्षा नाही. दोन वर्षांचा आयटीआय करून तंत्रनिकेतनाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. तंत्रनिकेतनाचा डिप्लोमा घेऊन अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. वाट लांबची असेल, पण ती त्याच शिखराकडे जाते, आणि वाटेवर चालतानाच हाताला काम देते. हे किती पालकांना ठाऊक आहे?

तिसरा प्रश्न अधिकाराचा. पदवी कुणीही द्यावी का? १९५६च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याचं बाविसावं कलम स्पष्ट सांगतं. पदवी देण्याचा हक्क केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्यानं स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला, किंवा संसदेनं खास अधिकार दिलेल्या संस्थेला. इतर कुणालाही नाही. इमारत कितीही चकचकीत असो, जाहिरात कितीही मोठी असो, नावात ‘इंडियन’ असो की ‘नॅशनल’ असो. इतर कुणालाही नाही.

आणि तरीही काय घडतं? आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो. २०२३च्या ऑगस्टमध्ये जाहीर झालेल्या यादीत २० नावं होती, त्यांतली ८ दिल्लीची. ज्या शहरात पदव्यांचे कायदे होतात, त्याच शहरात खोट्या पदव्यांची दुकानं सर्वांत जास्त. महाराष्ट्रानं हसू नये, नागपूरचंही एक नाव त्या यादीत आहे. या गुन्ह्याला १९५६च्या कायद्यात दंड किती? जास्तीत जास्त एक हजार रुपये. एका मुलाची तीन वर्षं आणि आईबापांची पुंजी बुडवल्याबद्दल एक हजार रुपये. हा आकडा संसदेनं बदलला पाहिजे, आणि दिल्लीत राहणाऱ्या, खासदारांपर्यंत पोहोचू शकणाऱ्या आपल्यासारख्यांनी तशी मागणी केली पाहिजे.

परदेशी पदव्यांचाही हाच प्रश्न. तिकडची एक वर्षाची मास्टर्स इथे कशाच्या बरोबरीची धरायची? वर्षानुवर्षं हे काम भारतीय विद्यापीठ संघ करत आला. १९२५ साली आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून सुरू झालेली ही संस्थाही दिल्लीतच आहे. २०२५ साली अनुदान आयोगानं परदेशी शिक्षणाच्या समकक्षतेसाठी स्वतःचे नियम केले. मुलांना बाहेर पाठवण्याआधी, परत आल्यावर त्या पदवीचं इथे काय होणार, हे विचारून घ्या. परत आल्यावर विचारणं म्हणजे फार उशीर.

श्रोतेहो, इथवर तीन प्रश्न झाले. पायरी, प्रकार, अधिकार. आता चौथा प्रश्न, जो माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्याची पायरी सुटली, त्याला परत यायला वाट आहे का?

दिल्लीतल्या एका दांपत्याची गोष्ट सांगतो. चिंतामणराव देशमुख महाडजवळच्या नाते गावचे. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकमध्ये पहिले. मग केंब्रिज, मग आय.सी.एस. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग देशाचे अर्थमंत्री. १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडलं आणि त्यानंतर ते अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, पुढे १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. सरळ, एकही पायरी न चुकलेला प्रवास.

आणि त्यांच्या पत्नी दुर्गाबाई? राजमहेंद्रीला १९०९ साली जन्मलेल्या दुर्गाबाईंची शाळा लहानपणीच सुटली. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगला. बाहेर आल्यावर, वयाची विशी ओलांडल्यावर, बनारस हिंदू विद्यापीठाची मॅट्रिक त्यांनी बाहेरून दिली. मग आंध्र विद्यापीठाची पदवी, मग मद्रासला कायदा. पुढे त्या संविधान सभेत बसल्या. मद्रासला त्यांनी आंध्र महिला सभा काढली, ती सुरुवातीला मुलींना हीच बनारसची मॅट्रिक द्यायला मदत करण्यासाठी. स्वतः ज्या दारातून आल्या, ते दार त्यांनी इतरांसाठी उघडं ठेवलं. १९५३ साली हे दोघं विवाहबद्ध झाले. मला सांगा, या दोघांमध्ये अधिक शिकलेलं कोण? असा प्रश्न विचारणंच चूक आहे. पण बनारसचं ते दार नसतं, तर भारताला दुर्गाबाई देशमुख मिळाल्या नसत्या, हे निश्चित.

दिल्ली विद्यापीठानं १९६२ साली, ज्या वर्षी चिंतामणराव कुलगुरू झाले त्याच वर्षी, पत्रद्वारा शिक्षण सुरू केलं. देशातला तो पहिलाच असा प्रयोग. दिवसा नोकरी करून रात्री अभ्यास करणाऱ्या किती जणांना त्यानं पदवीधर केलं असेल! १९८५ साली इग्नू आली. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभं राहिलं, राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. पुढे तेच ताकवले दिल्लीत इग्नूचे कुलगुरू झाले. त्याच १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे आजची मुक्त विद्यालयी संस्था, निघालं, जिथे आज दहावीची परीक्षा मराठी माध्यमातूनही देता येते. राजिंदर नगरच्या आणि मुखर्जी नगरच्या खोल्यांमध्ये लोकसेवा आयोगाचा अभ्यास करणाऱ्या आपल्या मुलांना विचारा. मुक्त विद्यापीठाच्या पदवीवरही त्या परीक्षेला बसता येतं. आयोग पदवी मान्यताप्राप्त आहे का ते बघतो, ती रोज वर्गात बसून मिळवली का ते विचारत नाही.

आणखी एका माणसाकडे बघा. करोलबागेत आणि चांदनी चौकाच्या गल्ल्यांत सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडीकडून आलेली आपली गलाईवाली मंडळी आहेत. सोनं-चांदी गाळण्याचं त्यांचं काम. ऍसिडच्या वाफेत उभं राहून धातू ओळखण्याची त्यांची विद्या पिढ्यांची आहे. पण अर्जावर ‘शैक्षणिक अर्हता’ या रकान्यात ते काय लिहितात? सातवी. नववी नापास. ज्याच्या हातावर बाजार विश्वासानं सोनं ठेवतो, त्याच्या विद्येला रकाना नाही. आधीच मिळवलेलं कौशल्य तपासून त्याला प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारनं केलेली आहे. कौशल्याच्या पातळ्या शाळा-महाविद्यालयाच्या पातळ्यांशी जोडण्याचंही नव्या आराखड्यात ठरलं आहे. कागदावर हे झालं. गल्लीपर्यंत कधी पोहोचणार?

नव्या धोरणातल्या एका गोष्टीबद्दल मी काळजी बोलून दाखवतो. पदवीतून एक वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन, दोन वर्षांनंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. चांगलं आहे, मेहनत वाया जात नाही. पण परत येण्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे, आणि सगळं शिक्षण सात वर्षांत संपवायचं आहे. एक वर्षानंतर कोण बाहेर पडेल? ज्याच्या घरी पैशाची ददात नाही, तो पडणार नाही. जिचं लग्न ठरलं ती पडेल. ज्याचा बाप आजारी पडला तो पडेल. त्यांची अडचण तीन वर्षांत संपेलच असं कुणी ठरवलं? लेकरं शाळेत जाऊ लागल्यावर जी परत येऊ पाहील, तिला दार बंद का? महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सांगितलं होतं की सरकारनं वरच्या थरांपेक्षा तळातल्या लोकांच्या प्राथमिक शिक्षणाकडे आधी बघावं. तीच कसोटी आज इथे लावली पाहिजे. बाहेर पडण्याची दारं जेवढी रुंद, तेवढीच आत येण्याची दारं रुंद हवीत, आणि त्यांना मुदतीचं कुलूप नको.

आता समारोप करतो. मी चार गोष्टी सांगितल्या. पायरी ओळखा, नुसती वर्षं मोजू नका. प्रकार ओळखा, हाताच्या विद्येला खालचं समजू नका. अधिकार तपासा, जाहिरातीवर पैसे टाकू नका. आणि परतीची वाट मागा, स्वतःसाठीही आणि दुसऱ्यासाठीही. शिक्षणाची पातळी ही माणसाची किंमत नसते. पण ती पातळी नीट मोजली गेली नाही, तर माणसाची किंमत मात्र कमी केली जाते.

दिल्लीतल्या सर्व मराठी संस्थांना माझी एक विनंती आहे. गणेशोत्सव आणि नाटकं आपण उत्साहानं करतो, ती चालू राहोत. त्यांच्या जोडीला दर वर्षी निकालांच्या दिवसांत एक रविवार राखून ठेवा. आपल्यात अनुदान आयोगातून, सीबीएसईतून, मंत्रालयांतून निवृत्त झालेली माणसं आहेत. त्यांना टेबल मांडून बसवा. मुलांनी प्रवेशअर्ज आणावेत, पालकांनी शंका आणाव्यात, आणि करोलबागेतल्या ज्या गलाई कामगाराची शाळा सुटली आहे, त्यालाही हाताला धरून आणा आणि मुक्त विद्यालयाचा अर्ज त्याच्याकडून तिथेच भरून घ्या. ज्या शिक्षकाच्या नावानं आपण आज जमलो, त्यांचं स्मारक याहून चांगलं होणार नाही. हा रविवार येत्या जूनपासून सुरू करा, एवढंच मागून मी आपली रजा घेतो.